दामल्यांचा दुसरा घोट

परवा साड्यांच्या दुकानात एक पोरगेलासा सेल्समन माझ्यापुढे घडी उलगडत म्हणाला, "मॅडम, हा घ्या. एकदम वाइन." शेजारी एक आजी बसल्या होत्या. कपाळाला गंध, मनगटाला जपमाळेची पिशवी. त्यांनी तो पदर स्वतःच्या खांद्यावर टाकला, आरशात पाहिलं आणि मला विचारलं, "वाइन शोभतेय का गं मला?" मला एकदम श्रीनिवास दामले आठवले. ते तिथे असते तर त्यांनी आधी आजींना वाकून नमस्कार केला असता. मग सेल्समनला बाजूला घेऊन सांगितलं असतं, "बाळा, ही वाइन नाही, हा साधा मरून आहे. वाइन उजेडाला धरली की तिच्या कडेला विटकरी झाक दिसते. नीट बघायला शीक."

दारूबंदीच्या राज्यात राहून वाइनवर असा जीव टाकणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेला अडाजणच्या एका सोसायटीत राहत होतो. यजमान बँकेत, मी मराठी शाळेत. समोरचा फ्लॅट दामल्यांचा. दामले सुरतेबाहेर पलसाण्याच्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये कलर मास्टर होते, म्हणजे साडीवर कुठला रंग कसा उतरवायचा ते ठरवणारे. मिलमध्ये वाफेनं आणि रंगांच्या वासानं जीव नकोसा व्हायचा. तिथले बाकीचे मास्टर बनियनवर वावरत. दामले मात्र रोज सकाळी लिननचा कोट, गळ्यात रेशमी रुमाल आणि दोन रंगांचे बूट घालून कंपनीच्या बसला उभे राहत. मे महिन्यातसुद्धा. सुरतेचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. घामाच्या धारा लागत, पण रुमालाची गाठ ढळत नसे. एकदा मी म्हटलं, "दामलेसाहेब, उकडत नाही का हो?" ते म्हणाले, "बाई, उकडणं शरीराला होतं. कोट हा स्वभाव आहे."

गळ्यातला तो रेशमी रुमालही खरा रेशमी नव्हता. मिलमधल्या नमुन्याच्या तुकड्यातून मालतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, घरच्या मशीनवर शिवलेला तो पॉलिस्टर जॉर्जेट होता. पण दामल्यांच्या गळ्यात पडला की त्याला रेशीम व्हावंच लागे.

हे सगळं खूळ आलं कुठून, तर इटलीतून. लग्नानंतर काही वर्षांनी आधीच्या कंपनीनं छपाईचं यंत्र शिकायला त्यांना तिकडे पाठवलं होतं. जेमतेम तीन आठवडे. पण दामले "मी इटलीत होतो तेव्हा" असं सुरू करत, तेव्हा नव्या माणसाला वाटे की यांचं बालपणच तिकडे गेलं. तिथे तळ्याकाठच्या एका गावात संध्याकाळी माणसं छान कपडे करून बाहेर पडतात, एक ग्लास समोर ठेवून दोन-दोन तास बोलत बसतात आणि कोणी कोणावर ओरडत नाही, हे त्यांनी पाहिलं. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला हा धक्का पुरेसा होता. परत येताना त्यांनी लांब दांड्याचे सहा ग्लास, बुचं काढायचा एक पेच आणि ती संध्याकाळ बरोबर आणली.

त्यांचं ब्रीदवाक्य होतं, "वाइन ही प्यायची गोष्ट नाही, राहायची गोष्ट आहे." पहिला अर्धा भाग किती शब्दशः खरा आहे, ते मला मालतीबाईंनी एकदा पापड लाटताना सांगितलं.

"अहो, कसली वाइन नि कसलं काय! इटलीत त्यांनी एकच घोट घेतला होता, शेवटच्या दिवशीच्या जेवणात. अंगभर गांधी उठल्या, ओठ हा एवढा सुजला. परक्या देशात दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून थेंब नाही. तेव्हापासून कोकम, कायम कोकम. आता हे माझ्यातुमच्यात हं."

मी ते आमच्या दोघींतच ठेवलं. नवऱ्यालाही सांगितलं नाही, कारण तो दामल्यांचा शिष्य होता.

हे शिष्यत्व रविवारी संध्याकाळी चाले. दामल्यांच्या गॅलरीत सोसायटीतले चार-पाच पुरुष जमत आणि ते त्यांना शिकवत. ग्लासात कोकम सरबतच असे. दारूबंदीच्या राज्यात दुसरं काय असणार, असं सगळे समजूतदारपणे समजून घेत. पण त्या कोकमाला जो मान मिळे तो कोकणातसुद्धा मिळत नसेल. ग्लास दांड्याला धरायचा, पोटाला नाही. हाताची ऊब लागते. हलकेच फिरवायचा. नाक आत घालायचं. मग एक घोट, तो तोंडभर फिरवायचा, आणि खऱ्या जाणकारानं तो गिळायचाही नाही, थुंकून टाकायचा.

"थुंकायची?" आमच्याकडच्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, दचकून विचारलं होतं. "पैसे मोजून?"

"गिळतो तो गिऱ्हाईक," दामले म्हणाले. "थुंकतो तो जाणकार."

हे वाक्य सोसायटीत बरेच दिवस फिरलं. लहान पोरं जिन्यातून ते म्हणत सुटली तेव्हा सेक्रेटरीनं फळ्यावर सूचना लावली की कोणीही जिन्यात थुंकू नये.

कपड्यांचेही नियम होते. पांढऱ्या वाइनच्या संध्याकाळी फिक्या रंगाची पँट, लाल असेल तर गडद. सरबत एकच असल्यामुळे आज पांढरी की लाल हे दामलेच जाहीर करत आणि शिष्य त्याप्रमाणे घरी जाऊन पँट बदलून येत. सुरती खाण्यालाही त्यांनी वाइन लावून दिल्या होत्या. हिवाळ्यात पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, आला की त्याच्यासोबत पांढरी, अगदी थंड. वाफवलेल्या डाळीच्या लोचोवर तेल आणि कच्चा कांदा असतो म्हणून गुलाबी. तुपात थिजवलेल्या सुरती घारीबरोबर गोड वाइन, पण अंगठ्याएवढीच, "कारण घारी स्वतःच जड बाई आहे." आमची मंडळी माना डोलवत आणि लोचो कोकमाबरोबर खात. मला हसू यायचं, पण एक गोष्ट मान्य करते. रविवारी त्या गॅलरीत कोणी कोणावर ओरडत नसे, आणि आमच्याकडचे घरी येत तेव्हा माझ्याशी दोन वाक्यं बरी बोलत.

साडीतला वाइन रंग आपण आणला, असं दामल्यांचं म्हणणं होतं. पुढे मला इचलकरंजीला आणि मालेगावलाही असं म्हणणारे एकेक गृहस्थ भेटले, तेव्हा त्यावर मी पैज लावणार नाही. पण पलसाण्याची हकिकत खरी आहे. मिलच्या शेठची मरून साडीची एक मोठी लॉट काळसर निघाली होती आणि व्यापारी ती उचलेनात. दामल्यांनी एक साडी खिडकीत धरली आणि म्हणाले, "शेठ, हा मरून नाहीच. ही वाइन आहे." शेठ मोठे भाविक गृहस्थ. कांदासुद्धा न खाणारे. त्यांना घाम फुटला.

"मास्टर, आ नाम केम चालशे? बा सांभळशे तो मने घरमां नहीं पेसवा दे!"

"शेठ, आईंना सांगायचं कशाला? पेटीवर लिहायचं फक्त."

लिहिलं. आणि त्या नावानं अशी काही जादू झाली की लॉट संपून मिलनं तसाच काळसर रंग मुद्दाम काढायला घेतला. दिवाळीला शेठच्या आई देवळात आल्या त्या वाइन नेसून. ज्या राज्यात बाटली सापडली तर पोलीस येतात, तिथल्या बायका हळदीकुंकवाला, सत्यनारायणाला, मंगळागौरीला नखशिखांत वाइनमध्ये वावरू लागल्या. दामले नवरात्रात गरब्याच्या कडेला मखमली कोट घालून उभे राहत आणि फिरणाऱ्या घागऱ्यांकडे असे बघत, जणू सगळा द्राक्षमळा त्यांचाच आहे.

त्यांच्या कीर्तीवर कळस चढला तो दमणमध्ये. दमण सुरतेहून दोन-अडीच तासांवर आणि तिथे बंदी नाही; त्यामुळे बँकेतल्या मंडळींना समुद्राची ओढ अधूनमधून लागे. एकदा त्यांनी दामल्यांना गळ घातली. दामले निळा ब्लेझर घालून गेले. हॉटेलात त्यांनी सगळ्यांसाठी वाइन मागवली. वेटरनं बाटली आणली तेव्हा तिला नुसता हात लावला आणि परत पाठवली. "ही उकडली आहे. हिला उन्हात कोणी ठेवलं?" मॅनेजर स्वतः माफी मागायला आला आणि दुसरी बाटली बर्फात घालून घेऊन आला. दामल्यांनी बुचाचा वास घेतला, मान हलवली, सगळ्यांचे ग्लास भरवले. स्वतः मात्र घेतली नाही. म्हणाले, "गाडी मी चालवणार आहे. स्टिअरिंग आणि वाइन, दोन्ही हातात शोभत नाहीत."

आमच्याकडचे परत आले ते भारावून. "अगं, समोर बाटली आहे आणि हा माणूस हात लावत नाही! किती मुरलेला असेल विचार कर." मी म्हटलं, "हो बाई, मुरलेला आहे खरा," आणि कोकमाचा विचार करत पोळ्या लाटत राहिले.

पुरुषाच्या कीर्तीची किंमत घरातल्या बाईला मोजावी लागते म्हणतात. इथे ती मुलीवर आली.

दामल्यांची एकुलती एक मुलगी अश्विनी. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. बापासारखी उंच आणि आईसारखी कामापुरतं बोलणारी. तिला धुळ्याच्या जोशींचं स्थळ आलं. मुलगा मकरंद इच्छापोरला एका कारखान्यात इंजिनियर होता. दोघं दोन-चारदा भेटली, तापीच्या पुलावर फिरली, आणि एक दिवस अश्विनी माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, मला हाच हवा. हे मोडलं तर मी दुसरा बघणार नाही." त्या मुलीनं कशाबद्दल 'हवा' म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

अडचण एकच होती, पण ती डोंगराएवढी होती. मकरंदचे वडील अण्णा जोशी. विज्ञानाचे शिक्षक, मग मुख्याध्यापक, आणि निवृत्तीनंतर गावोगाव व्यसनमुक्तीचं काम करणारे. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ दारूनं गेला होता. तेव्हापासून ज्या घरात दारूचा थेंब येतो त्या घरचं ते पाणीही पीत नसत. दारूबंदीच्या राज्यातली सून मिळतेय म्हणून तर ते या स्थळावर खूश होते!

साखरपुड्याची तारीख ठरवायला जोशी मंडळी एका रविवारी सकाळी येणार होती. मालतीबाईंनी आदल्या दिवशीच शोकेसमधले ग्लास काढून माळ्यावर टाकायचं ठरवलं. दामल्यांनी ऐकलं नाही. "काचेला कसली लाज?" ग्लास तिथेच राहिले, वर पुसून लखलखीत केले गेले. मी आणि आमच्याकडचे शेजारी म्हणून मदतीला होतो.

अण्णा आले ते पांढऱ्या स्वच्छ धोतरात, आणि चेहरा गंभीर. बरोबर बायको आणि मकरंद. पोह्यांच्या बशीला त्यांनी हात लावला नाही. शोकेसकडे एकवार पाहिलं आणि म्हणाले, "मी काल रात्री इथेच सुरतेत, गोडादऱ्याला उतरलो होतो. माझा एक जुना विद्यार्थी आहे, सुकदेव. लूमवर असतो आता, आधी पलसाण्याला होता. त्याला मी हौसेनं व्याह्यांचं नाव सांगितलं. तो काय म्हणाला माहीत आहे?" अण्णांनी त्याचे अहिराणी शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. "'सर, त्या मास्टर? त्या त वाइनवाला मास्टर शेतस! आख्खा पलसाणाले माहीत शे.'"

मालतीबाईंनी शोकेसमधल्या ग्लासांकडे पाहिलं.

"दामले," अण्णा म्हणाले, "मला सरळ उत्तर द्या. आपण घेता?"

मी दामल्यांकडे बघत होते. त्यांच्या गळ्यात त्या दिवशी सगळ्यात चांगला रुमाल होता. शेजारच्या खुर्चीवर त्यांचा सगळ्यात श्रद्धाळू शिष्य, म्हणजे माझा नवरा, बसला होता. एका बाजूला पंचवीस वर्षं जपलेला रुबाब, दुसऱ्या बाजूला दारात उभी असलेली मुलगी. दामल्यांनी फार वेळ घेतला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

"नाही," ते म्हणाले. "आयुष्यात एक घोट घेतला. इटलीत. तो बाधला. नंतर कधीच नाही."

आमच्याकडच्यांचा हात बशीवरच राहिला. त्यांचं तोंड असं झालं की देव्हाऱ्यातल्या देवानंच उठून सांगावं, मी देव नाही म्हणून.

पण अण्णांनी मान हलवली. "सगळे हेच म्हणतात हो. माझा भाऊ आईच्या पायावर हात ठेवून म्हणायचा, आई, थेंब घेत नाही. त्याच्या तोंडाला वास यायचा आणि आई विश्वास ठेवायची. मी इतकी वर्षं हे काम करतोय. 'मी पितो' असं कबूल करणारा पिणारा मला भेटलेला नाही."

अश्विनी आत गेली. आणि तेव्हा मालतीबाई बोलल्या. पदर खोचून, भाजी निवडायला बसल्यासारख्या.

"मग द्या त्यांना एक घोट. आणि बसा समोर बघत. एवढ्या एवढ्या गांधी उठतात त्यांच्या अंगावर. तुम्ही शास्त्राचे मास्तर ना? करा प्रयोग!"

अण्णा चमकले. रागावतील असं वाटलं. पण 'प्रयोग' हा शब्द त्यांच्यातल्या मास्तराला जाऊन लागला असावा. चष्मा पुसत म्हणाले, "तत्त्वतः... हरकत नाही. पण इथे तो गुन्हा आहे."

"औषध म्हणून," मालतीबाई म्हणाल्या.

अण्णा उठले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं खिडकीचा पडदा ओढून घेतला.

आता वाइन आणायची कुठून? ज्या घरात पंचवीस वर्षं दुसरा विषय नव्हता तिथे वाइनचा थेंब नव्हता. मालतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सोसायटीत सकाळची प्रार्थना घेणारे देसाईकाका खालच्या मजल्यावर राहत. प्रार्थना झाली की ते कुठे काय ठेवतात, हे सगळ्या बायकांना माहीत होतं आणि एकाही पुरुषाला नाही. मी खाली गेले आणि सांगितलं, पाहुण्यांसमोर दामलेसाहेबांना वाइन पारखून दाखवायची आहे.

"परमिट छे, बेन, हार्ट माटे," देसाईकाका आधीच म्हणाले. मग कपाटाच्या तळातून भाच्यानं आणलेली एक बाटली काढली. "आ तो भाणियो लंडनथी लाव्यो छे. आपणने नहीं चाले, शरबत जेवुं लागे. चालो, हुं पण आवुं."

नको म्हणायला मला सुचलं नाही. ते आलेच, आणि भिंतीशी हात बांधून उभे राहिले.

बाटली पाहिल्यावर दामले उठले. "दोन मिनिटं," असं म्हणून आत गेले आणि मखमली कोट घालून आले. मालतीबाईंनी चमचा आणला होता. त्यांनी तो हळूच बाजूला सारला, शोकेसमधला ग्लास घेतला, पेचानं बूच काढलं. दमणमधल्या त्यांच्या कौशल्याबद्दल मी नुसतं ऐकून होते, आज पाहिलं. तळाशी थोडीशी ओतली. पडदा ओढला होता म्हणून ग्लास दिव्याकडे धरला. फिरवला. वास घेतला. मग पहिला घोट घेतला.

मी अण्णांच्या मागे उभी होते, म्हणून मला दामल्यांचा चेहरा सरळ दिसत होता. त्यांचे डोळे मिटले. कपाळावरच्या सगळ्या आठ्या गेल्या. मला वाटलं, आता बाधणार, चक्कर येणार. त्यांनी घोट गिळला आणि ते तसेच उभे राहिले.

आम्ही सगळे त्यांच्या मानेकडे बघत होतो. मालतीबाई तर रुमाल बाजूला करून बघत होत्या. "उठतील, उठतील," त्या म्हणाल्या. काहीच उठलं नाही. ओठ सुजला नाही. पंखा फिरत राहिला. इटलीत त्या शेवटच्या जेवणात त्यांनी शिंपल्यातलंही काहीतरी खाल्लं होतं, हे मालतीबाईंना नंतर कधीतरी आठवलं. तेव्हा ते कोणालाच सुचलं नाही.

"दामले," अण्णा अगदी मऊ आवाजात म्हणाले, आणि तो मऊपणाच फार वाईट होता. "गांधी काही दिसत नाहीत. तुम्हाला सवय आहे."

ते उठायला लागले. त्यांच्या बायकोनं पर्स उचलली. मकरंद खाली मान घालून बसला होता. अश्विनी पुन्हा दारात येऊन उभी राहिली होती, पांढरी फटक पडलेली. दामल्यांनी डोळे उघडले ते तिच्यावर.

"थांबा," ते म्हणाले. "कमी पडली असेल."

त्यांनी ग्लास अर्धा भरला आणि भलामोठा घोट घेतला. आणि मग त्यांचा चेहरा असा पिळवटला की एरंडेल घेणारं मूल बरं. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, वाइन हनुवटीवरून रुमालावर आणि मखमलीवर ओघळली. तोंड दाबून ते बेसिनकडे धावले आणि सगळी थुंकून टाकली. मग चूळ भरली, पुन्हा भरली, आणि नळाशी वाकून ओकारीचे आवाज काढत राहिले. ज्या माणसाच्या रुमालाची गाठ मे महिन्यात ढळली नव्हती, त्याचा कोट भिजून पोटाशी चिकटला होता.

अण्णा अर्धवट उठलेले होते, ते पुरते उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "एवढी वर्षं मी पिणारी माणसं पाहिली," ते म्हणाले. "घरात पोर उपाशी असलं तरी त्यांनी थेंब सांडू दिला नाही. पिणारा माणूस बेसिनमध्ये थुंकत नाही. मला क्षमा करा, दामले." आणि त्यांनी त्या भिजलेल्या कोटाला मिठी मारली.

भिंतीशी उभ्या देसाईकाकांनी माझ्या नवऱ्याच्या कानाशी लागून म्हटलं, "जोयुं? साचो जाणकार. गळे नहीं, थूंकी नाखे!" आमच्याकडच्यांचा चेहरा एकदम उजळला. गेलेला देव देव्हाऱ्यात परत आला होता.

मग अण्णा बाटलीकडे वळले. "प्रयोग संपला की उरलेलं द्रव्य टाकून द्यायचं असतं," असं म्हणत त्यांनी ती बेसिनमध्ये उपडी केली. देसाईकाकांनी "अरे अरे" केलं, पण उशीर झाला होता. दामले टॉवेल तोंडाला लावून शेजारीच उभे होते. बाटली रिकामी होईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. मला वाटलं, शिसारी आली असेल.

लग्न थाटात झालं. अण्णांचं प्रेम असं उतू गेलं की धुळ्याच्या मेळाव्यात त्यांनी व्याह्यांचा निर्व्यसनी गृहस्थ म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. "वाइनच्या ज्ञानात बुडूनही कोरडा राहिलेला माणूस," असं भाषणात म्हणाले. दामले मंचावर हात जोडून बसले होते, शाल मात्र त्यांनी इटलीत घेतात तशी एका खांद्यावर घेतली होती. रविवारचे वर्ग चालू राहिले. कोकमही. फक्त त्यानंतर ते घोट घेण्याआधी जरा थांबत, एवढाच फरक मला वाटे.

पुढच्या वर्षी आमची बदली झाली. सामान पुढे गेलं होतं, आम्ही रिक्षासाठी गेटपाशी उभे होतो. दामले निरोप द्यायला खाली आले, लिननच्या कोटात. आमच्याकडचे रिक्षावाल्याशी बोलत होते. वरच्या गॅलरीत अश्विनी उभी होती. बाळंतपणासाठी माहेरी आली होती, सातवा महिना, चेहरा भरलेला. पोटावर हात ठेवून ती आम्हाला बघत होती. मला कसं कोण जाणे, विचारावंसं वाटलं.

"दामलेसाहेब, आता जाता जाता खरं सांगा. त्या दिवशीची ती वाइन एवढी वाईट होती हो?"

त्यांनी आधी वर पाहिलं, मालतीबाई गॅलरीत नाहीत याची खात्री केली. मग माझ्याकडे. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"बाई, इतकी सुंदर चव मी आयुष्यात घेतली नाही. मी पंचवीस वर्षं जे सांगत होतो ना, ते सगळं खरं होतं. सगळं."

त्या माणसावर मी इतकी वर्षं मनातल्या मनात हसत आले होते.

"मग आता कधीतरी, दमणला..." मी कसंबसं म्हटलं.

त्यांनी नुसती मान हलवली. "अण्णांना मिठी मारू दिली मी. आता कसं?" मग वर बघून अश्विनीला हात केला. तिनंही केला.

"पहिला घोट माझा होता, बाई," ते म्हणाले. "दुसरा तिचा."